पडलेलं उचलू नये

काकतीच्या पुढं, बंद पडलेल्या खाणीत
तांबड्या मातीचे तीन बांध घातलेत आम्ही.
तिसऱ्यावर वाळूची पोती, साखर कारखान्यातनं आणलेली.
पोत्यांवर कानडीत 'सक्करे', मराठीत काही नाही.
गोळीला दोन्ही वाचता येत नाही.

सकाळी मी फक्कीनं रेषा मारतो.
नव्या पोरांना सांगतो, खरी रेषा ही नव्हे.
खरी तुमच्यातनं जाते, बांधाला समांतर,
तुम्ही चार पावलं पुढं, तर तीही चार पावलं पुढं.
नळीचं तोंड तिच्या मागं आलं की बाद.
आमच्या भागात रेषा कुणाला शिकवाव्या लागत नाहीत,
तरी शिकवतो.
आणि बोट बाहेर. पळताना बाहेर, मॅगझिन बदलताना बाहेर,
अडकलेलं काडतूस काढताना तर बाहेरच.
मल्लाप्पा हुद्दार हेच कानडीत सांगतो,
त्याला दोन वाक्यं कमी लागतात.

सुलक्षणा घाडी जांबोटीची.
खानापूरच्या पतपेढीत दिवसभर नोटा मोजते,
बोटं कोरडी, झरझर.
चौदा कागद, दोन लोखंडी पाट्या, मध्ये एक दार,
दारामागं काय ते दार ढकलल्यावरच कळायचं.
टायमरवर एकोणीस पूर्णांक बेचाळीस.
त्या दिवशी कुणाचीच वेळ तिच्या जवळपास नव्हती.
तिनं पिस्तूल रिकामं करून दाखवलं,
मी वाकून आत पाहिलं, विहिरीत पाहावं तसं.
हॅमर डाऊन. होल्स्टर.
'रेंज इज क्लियर,' मी ओरडलो,
लोक कागदांकडं निघाले.

ती पाण्याच्या कॅनकडं वळली
आणि होल्स्टरचा एक ढिला स्क्रू
आठवडाभर जे सांगत होता ते त्यानं केलं.
मातीत आवाजसुद्धा झाला नाही फारसा.

इथवर काहीच झालेलं नव्हतं.
खेळ संपल्यावर रिकामं पिस्तूल पडलं
तर पडू द्यायचं. हात लांब ठेवायचे. मला हाक मारायची.
मी येणार, उचलणार, तपासणार, परत देणार.
पडणं माफ आहे.

पण तिच्या घरात खंडेनवमीला कोयत्यालाही झेंडू वाहतात.
ती वाकली.
ओढणीच्या टोकानं माती पुसली,
कपाळाला लावलं.
आणि तेवढ्यात नळी
मल्लाप्पाच्या पोरावरनं फिरली,
तो चिकटपट्टीचं रीळ दाताखाली धरून चालला होता,
त्याला अजूनही माहीत नाही.
रिकामी होती.
विचारलं की सगळ्याच रिकाम्या असतात.

'स्टॉप.'
माझा आवाज मलाच जरा उशिरा ऐकू आला.
मोठा इंग्रजी शब्द माझ्या तोंडात बसत नाही,
म्हणून मी 'बाद' म्हणतो.
'पडलेलं उचललं, एवढंच की?'
'एवढंच.'

कागद भरला. नाव, नियम, वेळ अकरा चाळीस.
तिनं पतपेढीतल्यासारखी पूर्ण सही केली, खाली तारीख घातली.
एकोणीस बेचाळीसवर मी आडवी रेघ मारली,
पेन चाललं नाही, परत मारली.
मला वाटलं, आता जाईल.
ती गेली नाही. पोराच्या हातातनं रीळ घेतलं
आणि आपली भोकं आपणच बुजवत गेली.
चौदा कागद, अठ्ठावीस भोकं. सत्तावीस भरली.
अठ्ठाविसावं मी कितीतरी वेळ शोधत होतो,
ते सातव्या कागदावर होतं,
दोन्ही गोळ्या एकाच भोकातनं गेलेल्या.

रात्री घरी बायकोच्या हातातनं पळी पडली.
'थांब!' मी ताटावरनं उठलो, हात वर.
'काय करूलालाय ओ तुम्ही? पळी हाय ती.'
मी वाकलो, उचलली,
उजेडाकडं धरून आत पाहिलं.
मग तिच्या हातात दिली, दांड्याकडनं.