झडप लावायची वेळ

सोमवारपासून मी शेवाळात आहे.
तीनशे बारा पानं. विर्वेबाईंनी
चाळीस वर्षं दलदलीत गुडघाभर उभं राहून जमवलेली.
शुक्रवारी द्यायची आहेत.
आज बुधवार, आणि उकूला ताप.

तार्तूच्या आमच्या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
आम्ही वाटाण्यात राहतो,
उकूचा मित्र बटाट्यात.
लाकडी घर, आत भिंतीएवढी विटांची भट्टी.
सकाळी सात ओंडके, मग नुसती वाट बघायची.
निखाऱ्यांवर निळी ज्योत हलतेय तोवर
धुराड्याची झडप लावायची नाही,
नाहीतर झोपेतून कुणी उठतच नाही.
आणि लावायला उशीर झाला
तर सगळी ऊब आभाळाला दान.
मधला तो पाऊण तास
हीच माझी कचेरी.

विर्वेबाई स्वल्पविराम टाकतात
ते हाताच्या अंदाजाने, मिठासारखे.
मी वेचत बसते.
अक्षरांच्या डोक्यावरचे ठिपके मोजते.
एकाच शेवाळाचं नाव
पान नव्वदवर एक, एकशे तीनवर दुसरं;
त्यांना विचारायचं, की आधी थर्मामीटर बघायचा?

"आई, तू वाचतेयस की काम करतेयस?"
दोन्ही, म्हणते मी.
"मग मोठ्याने काम कर."
मग मी मोठ्याने काम करते.
शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं,
वाचते, आणि तो डोळे मिटून विचारतो,
"मग त्याला शू लागत नाही?"

आह्तो बोटीवर आहे.
सात दिवस पाण्यात, सात दिवस घरात.
त्याच्या कामाला भोंगा आहे, गणवेश आहे,
परतायचा धक्का आहे.
माझ्या कामावरून मी उठते
ती चार पावलांत चुलीशी पोचते,
आणि चार पावलांत परत.
समोरची हेल्गी म्हणते, तू काय, घरीच असतेस.
तिची तीन पार्सलं आमच्या बोळात पडून आहेत.

आमच्या भाषेत 'काम' या शब्दातलं
पहिलं अक्षर काढलं, की 'रात्र' उरते.
हे मी कुणाकडून शिकले नाही.
आणि आमच्या भाषेला भविष्यकाळही नाही.
"पैसे येतात," प्रकाशक लिहितात.
ऑक्टोबरपासून येतायत.

गुरुवारी रात्री अडीचला फाइल पाठवली.
उकूचा ताप उतरला होता,
माझ्या खांद्यावर त्याच्या घामाचा नकाशा.

शनिवारी विर्वेबाईंचं पत्र:
"प्रिय लेलो, पान दोनशे चौदा पाहा.
'या थरात पाण्याची पातळी वर्षभर स्थिर राहते,
दूध, काडेपेटी, उकूचा डावा हातमोजा.'
दूध आणि काडेपेटी मी काढली आहे.
हातमोजा मात्र दलदलीत असू शकतो,
माझे स्वतःचे चार तिथे गेलेत.
शहानिशा करून कळवा."

कानशिलं तापली. हसू नाही आलं लगेच.
आधी हिशेब आला:
बाई हे कुणाला सांगतील, पुढचं काम कुणाकडे जाईल.
मग उठले. बूट उपसले, गाद्या उचलल्या,
हेल्गीच्या पार्सलांखालीसुद्धा हात घातला.

हातमोजा भट्टीमागच्या फटीत होता,
शिळ्या पावासारखा कडक.
"तो मीच ठेवलाय," उकू म्हणाला,
"तू मला शोधायला लावतेस ना नेहमी.
आता कुठे आहे ते मला माहीत असतं."

बाईंना लिहिलं: काढून टाका, सापडला.

लिहून झालं तरी निखाऱ्यांच्या कोपऱ्यात
एक ज्योत अजून निळी.
पुढचं हस्तलिखित मधमाश्यांचं, दोनशे साठ पानं,
आलेलं दिसतंय.
उघडत नाही.
उकू मांडीवर चढतो, हातमोजा हातात घालून,
आणि आम्ही दोघं
तिच्या विझण्यावर लक्ष ठेवून बसतो.