हे काढू नकोस

संक्रांत चार दिवसांवर.
दौलतगंजात, दुकानाच्या वरच्या खोलीत
दोन लॅपटॉप, एक हीटर
आणि दर वीस मिनिटांनी टिटवीसारखा
ओरडणारा इन्व्हर्टर.

खाली राठौरांचे कारीगर गजक कुटताहेत. धप्प. धप्प.
माझ्या स्क्रीनवर साइट उघडते:
खस्ता, गुळाची, पाव किलो, अर्धा किलो.
नकुलच्या स्क्रीनवर पांढरं पान,
बाहेरच्या धुक्यासारखं.
धुकं निदान सकाळी दहाला उठतं.

"मॅडम, आपके यहाँ तो चल रहा है."
चालतंय. माझ्याकडे चालतंच.
तीन वर्षांत या यंत्रात काय काय ओतलं,
कुठल्या रात्री कुठली आवृत्ती गोठवली,
कुठला पोर्ट कुणासाठी मोकळा ठेवला
ते यंत्राला ठाऊक.
मला नाही.

म्हणून पहिल्यापासून.
नोडची नवी आवृत्ती काढली, जुनी घातली.
डेटाबेस उभा केला, त्याला पासवर्ड दिला,
पासवर्ड एका फाइलीत ठेवला.
नावाआधी टिंब, म्हणजे ती यादीत दिसत नाही;
बाबांच्या एजी ऑफिसच्या डब्यात
सुपारीखाली पन्नासची घडी असायची, तशी.
नकुलने सगळं केलं. भिंडचा मुलगा,
सांगितलेलं करतो. न सांगितलेलंही.
पांढरं पान.

साडेअकराला रामसरूप चहा घेऊन वर आले.
पान बघून म्हणाले, थाटीपूरला दुसरं दुकान उघडलं तेव्हा
तोच तीळ नेला, तोच मुरैन्याचा गूळ, कढईसुद्धा तीच,
तीन दिवस गजक दाताला चिकटत राहिली.
"फिर?"
"फिर क्या. खिड़की के नीचे नाली थी. हवा अलग थी."
ते गेले. पेल्याच्या काठावर
त्यांच्या बोटांचे तीळ राहिले.

हवा.
आमच्या धंद्यात तिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात.
नेहमी म्हणते मी, दिवसातून दहादा,
आणि कधी खिडकी उघडून पाहिली नव्हती.

मग त्याच्या ओळी, माझ्या ओळी, शेजारी शेजारी लावल्या.
दोनशे बाराव्या ठिकाणी
माझ्याकडे एक जास्त,
आणि तिच्या डोक्यावर टीप,
कुठल्याशा पहाटे मीच मला लिहिलेली:
हे काढू नकोस.

"नकुल, ही ओळ?"
"वो तो काढ़ दी, मॅडम. आपने ही लिखा था, काढू."
"आणि नकोस?"
"हमें लगा, सरनेम होगा."

मी इतकी हसले की खालचं कुटणं थांबलं.

ही भाषा आमच्या घरात चालते.
जरा ढकलली तर शिंदे की छावणीपर्यंत चालते.
पुण्याच्या चुलतबहिणीकडे मात्र अडते:
मी म्हणते, येऊन राहिले,
ती विचारते, किती दिवस राहणार?
कुणी तरी फार पूर्वी हिची आवृत्ती गोठवली
आणि कारण लिहून ठेवलं नाही.

ओळ परत घातली. पान उघडलं.
नकुलने हीटरवर हात शेकले, जणू त्यानेच उघडलं.
मी एक नवी फाइल केली, नाव 'आधी वाचा',
त्यात सगळं क्रमाने, हिंदीत, अगदी टिंबासकट.
जुनी टीप तशीच ठेवली.
खाली फक्त जोडलं: इसे मत निकालना.

दोन वाजता साइट वर चढवली,
कुठल्या शहरातल्या कुठल्या थंड खोलीत
ते बिलावरही लिहिलेलं नसतं.
थोडा वेळ दोघंही काहीच बोललो नाही.

मग पहिली ऑर्डर. खस्ता, पाव किलो.
कोमलसिंह भदौरिया, भिंड.
"पापा हैं," नकुल म्हणाला. "टेस्टिंग के लिए बोला था."
"कुठल्या साइटवर?"
तो गप्प.
पैसे खरेच कापले गेले होते.

मी जिन्यातून खाली हाक मारली:
रामसरूपजी, एक पाव बांध दो.
भिंड जाएगा.