युस्टिनाचे टाके

ओमाच्या बैठकीच्या खोलीत
छताला चार आकडे होते.
गोधडीची चौकट दोरीनं वर ओढून बांधली
की खाली जेवणाचं टेबल मावायचं.
कुणी दार वाजवलं की चौकट वर,
कुणी निघून गेलं की चौकट खाली.
सस्कॅचेवानच्या त्या शेतघरात
अंथरुणात पडल्या पडल्या
दोऱ्यांच्या कुरकुरीवरून मला कळायचं
पाहुणे आलेत की गेलेत.

आणि यायचेच.
मळणीच्या दिवसांत यंत्रावरची चौदा माणसं,
बिब्ब्यासारखा काळा कोट घातलेला बायबल-विक्या,
रस्ता चुकलेला गुरांचा डॉक्टर,
एकदा बर्फाच्या वादळात अडकलेला
विनिपेगचा ट्रकवाला, तीन रात्री.
जाताना त्याच्या शर्टाचा फाटका खिसा
तिनं मागून घेतला.
पुढच्या हिवाळ्यातल्या गोधडीत तो खिसा होता,
वरून उघडाच ठेवलेला.
मी त्यात चेरीच्या बिया लपवायचे.

टेबलावर एक ताट नेहमी जास्तीचं.
कुणासाठी गं?
"जो मागत नाही त्याच्यासाठी."

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, म्हणतात.
आगानेथा डिकला विचारलं असतं
तर ती म्हणाली असती, आधी माप घ्या.
पिठाच्या पोत्यांचं फुलाफुलांचं कापड
तिच्याकडे ट्रंकभर होतं.

आता एक गोष्ट, जी मी सांगणार नव्हते.
बुधवारी शेजारणी यायच्या,
चौकटीच्या चारी बाजूंनी बसायच्या.
युस्टिना हिल्डेब्रांटला दिसायचं कमी.
तिचे टाके म्हणजे
चिखलातून कोंबडी चालत गेलेली.
ओमा म्हणायची, "युस्टिना, तू आलीस की काम कसं सरतं बघ!"
आणि तिच्या बशीत
आणखी एक दुमजली पाव.

रात्री मी दिवा धरायचे.
ओमा कात्रीच्या टोकानं
युस्टिनाचा टाका न् टाका उसवायची,
चिडून नाही,
शेंगांच्या शिरा काढाव्यात तशी.
मग पुन्हा घालायची, इंचाला दहा.
एकदा मी विचारलं, हे खोटं नाही का?
दातानं दोरा तोडत ती म्हणाली,
"पाहुण्याला दार दाखवायचं नसतं.
टाक्याला चालतं."

मार्चमधल्या एका बुधवारी
संध्याकाळीच गाय व्यायला अडली,
वासरू पहाटे आलं,
उसवायचं राहून गेलं.
शुक्रवारी निरोप आला, युस्टिना गेली.
जमीन इतकी गोठलेली
की कबर खणायला दोन दिवस लागले.

दफनानंतर सगळं गाव आमच्याच घरी जेवलं.
शेवटची बशी पुसून झाली,
चौकट खाली आली.
मी न सांगता दिवा आणला.
ओमानं कात्री घेतली,
त्या तिरप्या ओळीवर बोट ठेवलं,
अंगुस्तान काढून ठेवलं,
पुन्हा बोट ठेवलं.
मग म्हणाली, "जा, झोप.
उद्या शाळा आहे."
उद्या रविवार होता.

गोधडी आता माझ्याकडे आहे, रेजायनात,
चौथ्या मजल्यावरच्या सोफ्यावर.
हिरवा त्रिकोण आणि पिवळी पट्टी यांच्यामध्ये
बावीस टाके.
काही अर्ध्या इंचाचे,
एक तर कडेवरून सरळ बाहेर पडलेला.

परवा वीजवाला आला होता, पोरगाच.
बटण बदलताना त्याची नजर गेली.
"हे इथं बिघडलंय," म्हणाला,
"माझी आई शिवते, नीट करून देईल."

राहू दे, म्हटलं.
बस आधी.
जेवलास का?