नोव्हेंबरच्या समुद्राचा रंग

लेलोनं बटणाला रंग दिला होता
हीउमा बेटावरच्या नोव्हेंबरच्या समुद्राचा.
राखाडीवर राखाडी. देखणा.
लोकरी हातमोजे लोक टोपलीत टाकत
आणि टोपली तिथेच सोडून जात.

म्हणून आज हेल्डुरला बोलावलं,
फेरीबोटीवर उभी हयात घालवलेल्या शेजाऱ्याला.
अट एकच: तिनं मागे बसायचं, बोलायचं नाही.

त्यानं बायकोसाठी लाल जोडी निवडली.
मग पडद्यावरचा बाण फिरत राहिला,
वर, खाली, चित्रावर, पुन्हा चित्रावर.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
लेलोनं जीभ दातांखाली धरली.

"माझंच काहीतरी चुकतंय," तो म्हणाला.
चाळीस वर्षं धुक्यातही
बोट नेमकी धक्क्याला लावणारा माणूस
तिची माफी मागत होता.
मग खिशातून नोटा काढून
त्यानं कीबोर्डाशेजारी ठेवल्या:
"अशा चालतील का?"

असे किती जण
नोटा खिशातच ठेवून उठले असतील,
आपापल्या स्वयंपाकघरांतून,
स्वतःवरच चिडत.

रात्री तिनं बटण लाल केलं,
बंदरातल्या दिव्याइतकं भडक.
कुरूप दिसतं, ती पुटपुटली.
पण दिसतं.