चौदा दगड

मिस नॅनकिव्हेलनं दिलेला शब्द
टॅमसिननं तळहातावर लिहून आणला,
आणि पोर्थवीनच्या धक्क्यापर्यंत पळत येता येता
शेवटची दोन अक्षरं घामात गेली.
लॉपसायडेड.
पाच वाक्यांत उपयोग करा. सोमवारपर्यंत.

तीन वाक्यं तिनं तिथंच, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून लिहिली.
माझ्या सशाचे कान लॉपसायडेड आहेत, एक उभा, एक लोंबता.
आपण नऊ-शून्यनं हरलो, ती मॅच लॉपसायडेड झाली.
वरच्या खोलीत राहणाऱ्या बाईंचा केक लॉपसायडेड फुगला.
केक माझा. त्या खोलीची जमीनच दाराकडे उतरते,
टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपणहून घराबाहेर निघते.
केकनं तरी किती धीर धरावा?

मीही तोच शब्द घेऊन बसले होते, माझ्या वहीत,
त्याच्यापुढे आठवडाभर रिकामी जागा.
तिरका म्हणावं, तर नजरही तिरकी असते, तिला कुठं वजन असतं.
वाकडं म्हटलं की कुत्र्याचं शेपूट पुढं येतं.
एकांगी हा पुस्तकावरचा शेरा.
विषम गणिताच्या तासाला निघून जातो.
पारडं जड म्हणावं,
तर कुणीतरी जिंकल्यासारखं वाटतं.

हेडली ट्रेगेन्झा, तिचा काका,
शेवंडांच्या पिंजऱ्याला गाठ मारत होता.
मान वर न करता म्हणाला,
"शब्द बोटींचा आहे. माणसांनी मागून नेला,
परत आणून दिला नाही."
दिवसभरातलं त्याचं बोलणं बहुधा एवढंच.

बोट दोघा भावांची.
डावी बाजू पेट्रॉकची, उजवी हेडलीची,
अठरा वर्षं, जागा न बदलता.
डावीकडच्या फळीला पेट्रॉकच्या बुटांनी
दोन उथळ वाट्या पडल्यात.
फेब्रुवारीत पेट्रॉक गेला. समुद्रात नाही,
इस्पितळात, स्वच्छ चादरीवर.
नंतर पहिल्यांदा हेडली एकटा निघाला
तेव्हा बोट उजवीकडे अशी झुकली
की धक्क्यावरच्या माणसांनी
बोलणं थांबवून पाईप पेटवले.

त्या देशात माणसाचं वजन अजून दगडांत सांगतात.
पेट्रॉक चौदा दगडांचा होता.
दुसऱ्या दिवशी पहाटे हेडली खाडीत उतरला,
मासळीच्या काट्यावर एकेक धोंडा तोलून
चौदा वेचले,
आणि भावाच्या जागेवर रचले.
बोट सरळ झाली.
कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.
फक्त वहीतला कलंडलेला हा शब्द
मी त्या दिवशी खोडला.
कलंडलेलं उलटतं. ही बोट रोज
परत येत होती.

टॅमसिननं चौथं वाक्य लिहून मला दाखवलं नाही.
वही मिटून ती दगडांजवळ जाऊन उभी राहिली.
"मी साडेचार आहे," ती म्हणाली,
"शाळेत मोजलंय."

हेडलीनं गाठ पुरी केली. मग दुसरी एक मारली, गरज नसताना.
उठला. वरचा दगड काढून धक्क्यावर ठेवला,
हळू, अंड्यासारखा.
दुसरा. तिसरा. चौथा.
पाचव्यावर हात ठेवून थांबला,
आणि हात तसाच मागं घेतला.

ती बसली. पाय वाट्यांपर्यंत पोचले नाहीत.
बोट डावीकडे किंचित कलली, अर्ध्या दगडानं.

"अजून लॉपसायडेडच," टॅमसिन ओरडली.
हेडलीनं खिशातली कागदात गुंडाळलेली पेस्टी काढली,
सगळी जाड दुमड एकाच कडेला असलेली,
तिच्याकडे नाही, माझ्याकडे फेकली,
"तिचं वजन वाढायला नको," म्हणाला,
आणि मोटर सुरू केली.

पाचवं वाक्य सोमवारपर्यंत झालं का, माहीत नाही.
माझी जागा रिकामीच आहे.
धक्क्यावर चार दगड, अजून ओले,
आणि टेबलावरची पेन्सिल
दाराकडे निघालेली.