अडखळ

आमच्या गावाचं नाव अडखळ.
लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली,
पत्त्यातच ठेच असलेल्या गावात कुणी मुलगी देतं का?

महाबळेश्वरच्या बंद पडलेल्या हॉटेलातून
मुनाफनं बॉयलर आणला, टेम्पोत, पेंढ्यात गुंडाळून.
डिझेलवर चालणारा, निळा रंग उडालेला.
डिसेंबरात दापोलीकडून थंडी उतरते खाडीवर
आणि पुण्याच्या पाहुण्यांना कढत पाणी लागतं
चार खोल्यांत, सगळ्यांना सातलाच.

मागच्या पडवीला पत्रे ठोकून खोली केली.
एक खिडकी होती, तिला प्लास्टिक लावलं,
मच्छर येतात म्हणून.
डिझेल बंदरावरून, ट्रॉलरवाल्यांच्या उधारीवर.
नळीचा सांधा गळायचा,
त्याखाली मी श्रीखंडाचा डबा ठेवला.
वरच्या तोटीतून पाणी ठिबकायचं सारखं.
मुनाफनं तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली.
"बघ, कशी गप्प बसली."

मी तिथंच टॉवेलांच्या घड्या घालायचे, उबेला.
नऊ वाजता डोकं धरायचं,
कपाळावर जात्याची तळी ठेवल्यासारखं.
मी म्हटलं, झोप झाली नाही.
सासू म्हणाली, नजर लागली.
मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
ठसका आला नाही कुणालाच.
म्हणजे लागलीच होती.

मांजर त्या खोलीत निजायचं.
एका सकाळी उठलं नाही.
उंदराचं औषध खाल्लं असेल, आम्ही म्हटलं.

बावा एकवीस वर्षं जहाजावर होते,
आधी आगवाला, मग तेलवाला.
कुठकुठली बंदरं बघितली, विचारलं तर म्हणतात,
इंजिनखोलीला खिडकी नसते.
एक कान तिथंच राहिला.
पडवीकडे फिरकायचे नाहीत ते.
मुनाफनं सांगून ठेवलेलं,
तुमचं कोळशाचं गेलं आता, बावा.

त्या दिवशी दारात आले. आत नाही.
पत्र्याला तळवा लावून उभे राहिले,
गाभण शेळीच्या पोटाला लावतात तसा,
पिल्लू आडवं तर नाही बघायला.
"अडखळतेय," म्हणाले.
मला वाटलं, गावाचं नाव घेतायत.

मग काचेतून ज्योत दाखवली,
तांबडी, धुराची शेपटी असलेली.
भिंतीवरची काजळी दाखवली,
जी मी दर शुक्रवारी पुसून काढायचे.
"तेल देतेस तिला, सफिया. श्वास कुठून घेईल?
तुझा घेते."

खुंटी दिसली तेव्हा मात्र
बराच वेळ काही बोलले नाहीत.
कुणी ठोकली, विचारलं. मी टॉवेल उचलले.
मोंबासाच्या अलीकडे, म्हणाले,
कासम नावाच्या पोरानं अशीच तारेनं बांधली होती.
पुढचं सांगितलं नाही.
तेलाचा कॉक बंद केला, खुर्ची आणायला लावली,
आणि लोखंड निवेपर्यंत अंगणात बसून राहिले,
मयताच्या घरी बसतात तसे.

धुराड्याच्या नळीत साळुंकीचं घरटं निघालं,
पावसाळ्यात बांधलेलं असणार,
जाळ्याचे नायलॉनचे धागे, शाम्पूची पुडी,
माझ्या रिबिनीचा तुकडा.

त्या रात्री मुनाफ रागावला, आधी बावांवर,
मग मच्छरांवर, मग कुणावर ते कळेना.
चार दिवस मी चुलीवर टोप चढवले,
बादल्या वाहिल्या.
पाहुण्यांनी जाताना पैसे कापून घेतले.
पाचव्या दिवशी त्यानंच पहार घेतली
आणि जमिनीलगतचे दोन चिरे काढले भिंतीतले,
एकटाच, कुणाला हाक न मारता.

आता त्या भोकातून खाडीचा वारा येतो,
सुक्या मासळीचा वास येतो, मच्छरही.
सांधा नवीन आहे, दाराशी वाळूची बादली आहे.
तोटी बदलली. कधीमधी ठिबकते.
ठिबकली की बावांना सांगायचं, असं ठरलंय.

टॉवेल मी अंगणात घडी करते.
नऊ वाजतात. डोकं दुखत नाही.
तरी हात जातो कपाळाकडे,
आणि मांजराची वाटी
अजून त्या दाराशीच आहे.
कुणी उचलत नाही.