गराडू, जिरावन घालून

विजयनगरला, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत
शनिवार-शनिवार मी बेस वाजवतो.
बाराशे रुपये, एक वेळचं जेवण,
आणि लिफ्टमनची ओळख.

लोकेंद्र ड्रमवर असतो, तहसीन गाते.
माझं वाद्य म्हणजे घागरीखालची चुंबळ.
घागर सगळ्यांना दिसते.

चार वर्षं झाली. परवा आई आली, पहिल्यांदा,
न सांगता.
मावशीची राखाडी शाल, मोज्यांवर चपला,
हातात भाजीची पिशवी,
रात्री साडेनऊला भाजीची पिशवी!
वेटरने तिला खांबाआडचं टेबल दिलं,
माझ्या ॲम्पला अगदी खेटून,
जिथे धमधम होते म्हणून कुणी बसत नाही.

मेनू तिने दोन्ही हातांनी धरला, पोथी धरतात तसा.
शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग मागवलं
लिंबू सरबत.
एकशे नव्वद रुपये.
तिचा शनिवार होता.

सात नंबरवर वाढदिवस होता.
कुणी थंड झालेलं पनीर परत पाठवत होतं,
कुणी फोन उंच धरून
आमचं गाणं पुण्याच्या बहिणीला दाखवत होतं.
शेगड्यांचा धूर, डिसेंबरचा गारठा,
तहसीनच्या तोंडून सुराबरोबर वाफ.
मी आईकडे बघायचं नाही असं ठरवलं
आणि तिसऱ्या गाण्यात
अर्धी मात्रा आधीच उतरलो.
कुणाला कळलं नाही.
लोकेंद्रने फक्त भुवई उचलली.

साडेबाराला स्कूटर काढली.
राजवाड्यापर्यंत ती काही बोलली नाही,
मागून नुसती पाठीला टेकलेली पिशवी,
त्यात काहीतरी टणक.

सराफ्यात रात्र अशी की
दिवसा जिथे रतीरतीवर घासाघीस चालते
त्याच पायऱ्यांवर आता लोक
द्रोण चाटत बसलेले.
शटरांवर कढयांचा उजेड हलत होता.
एक मुलगा भुट्ट्याचा कीस फुंकून फुंकून
आजोबांना भरवत होता.
आई एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसली.
"माझी चमकी इथलीच," म्हणाली,
आणि मग, त्याच सुरात,
"तुझं ते वाजत होतं कुठलं?"

म्हटलं, जे ऐकू येत नव्हतं ते.

"ऐकू नाही आलं.
पण माझ्या सरबतात उठत होतं ना.
काठापासून मध्यापर्यंत गोल, गोल, गोल.
मी प्यायलेच नाही कितीतरी वेळ.
एकदाच कुठेतरी
दोन गोल एकमेकांवर आदळले.
तेव्हा तू चुकलास?"

मी गराडूवाल्याकडे बघत राहिलो.
तो तुपातून फोडी काढत होता,
झारा कढईच्या कडेला आपटत होता,
दोनदा, थांबून एकदा, दोनदा.
त्याची लय चुकत नव्हती.

चार वर्षं बाराशे रुपयांत
मला एवढं नीट कुणी ऐकलं नव्हतं.

"कंद आहे, उपासाला चालतो," मी म्हटलं.
"जिरावन नाही चालत," ती म्हणाली.
घड्याळात बघितलं. बारा बावन्न.
घड्याळाचा रविवार लागला होता,
पंचांगाचा उजाडल्यावर.
गराडूवाला डबी हातात धरून थांबला होता.
"कित्ता डालूँ, अम्मा?"

तिने शाल सारखी केली.
"डाल दे, भिया. हात मत रोक."

एक द्रोण आम्ही दोघांत संपवला.
ठसका लागला तिला, डोळ्यांत पाणी आलं,
नाक पुसत हसली, दुसरा मागवला.
मग पिशवीत हात घालून काढला
स्टीलचा डबा, घासूनपुसून कोरडा,
झाकणावर बाबांचं नाव कोरलेला.

म्हणजे घरून निघतानाच
तिचं सगळं ठरलेलं होतं.